धुरी दिलेली पत्रं

धुळे,
ता. १२ डिसेंबर १९१८

प्रिय मित्र जीवराम यास तोतारामचा रामराम.

इथे सगळं ठीक. मानमोडीचा ताप शहरातून ओसरला. कॉलेज उघडलं, बोर्डिंगात एकोणीस विद्यार्थी परतले. मास्तर व्हायला आलेले हे बाप्ये अजून बिचकून असतात. कोणी खोकला की अख्खी पंगत घास हातात धरून थांबते. मंजुळाबाई वाढता वाढता रोज मलाच विचारते, "मास्तर कव्हय येतीन? पोरे बठ्ठा वाट देखी राहिनात."

मास्तर म्हणजे तू; सगळी पोरं वाट बघतात ती तुझी. मी तिच्या समोर बसलेला असतो, तरीही.

आपला विद्यार्थी मगन त्या तापात तुझ्या मांडीवर गेला. मग तू हजेरीत त्याचं नाव घेऊन गप्प उभा राहू लागलास, आणि प्रिन्सिपॉलसाहेबांनी तुला सावद्याला घरी धाडलं. हजेरीची वही माझ्याकडे आली. मी पहिल्याच दिवशी त्या नावावर रेघ मारली. कोणीतरी मारायलाच हवी होती ना? तू खचलास तर देवमाणूस, मी उभा राहिलो तर दगड! तापात पेज मीही पाजली होती रे. उष्ट्या वाट्याही मीच विसळल्या.

आता खरं लिहितो. इतका वेळ टाळत होतो.

महिन्यापूर्वी एकोणीस जणांनी तुला एकोणीस पत्रं लिहिली. धुळ्याचा कागद म्हणजे आजार, म्हणून खेड्यापाड्यांत लोक आपली पत्रं न उघडताच चुलीत घालत होते. तेव्हा साहेबांनी ठरवलं, निंबाच्या पाल्याची धुरी देऊन मगच टपाल टाकायचं. ते काम माझ्याकडे होतं. धुरी मी दिली. पत्रं टाकली नाहीत. ती माझ्या ट्रंकेत आहेत, धोतरांखाली. माझे कपडेसुद्धा त्या धुराने कडू वास मारतात.

जळलो मी तुझ्यावर. दुसरं कारण नाही.

काल तुझ्या आबांचं कार्ड आलं. "जीवरामच्या तोंडात घास जात नाही. कॉलेजातून एका ओळीचं पत्र नाही, म्हणजे मगनला मीच मारला असं सगळे समजतात, म्हणतो. केळीच्या बागेत एकटा जाऊन बसतो. आम्हाला त्याची भीती वाटते."

कार्ड वाचून तसाच उठलो. ट्रंक उघडली. आणि तेव्हाही, जीवराम, माझी खोड पाहा. पत्रं फोडून वाचली, कुठे माझं नाव आहे का म्हणून.

अठरांत नव्हतं. हिलालच्या पत्रात सापडलं. "तोताराम मास्तरांनी मगनचं नाव खोडलं, पण रोज तिथे आले की अडखळतात. आमच्याकडे पाठ करून जेवायला बसतात, ताट तसंच परत जातं. आम्हाला बोलायची छाती होत नाही. तुम्ही या, म्हणजे ते तरी बोलतील."

माझ्या दुखण्यावरही औषध म्हणून त्यांनी तुलाच नेमलं! पहिल्यांदा चीडच आली. मग वही पुढे ओढून बसलो आणि पुष्कळ रडलो.

एकोणीसही पत्रं सोबत आहेत. तुला कोणी दोष देत नाही. दोष द्यायचाच तर मला दे, पण आधी दोन घास खा. चाळीसगावला गाडी बदलून ये. मी स्टेशनावर उभा असेन. तोंडावर थुंकलास तरी तुझी वळकटी मीच उचलणार.

तुझ्यावर जळणारा आणि इथे सगळ्यांत जास्त तुझीच वाट पाहणारा,
तोताराम