काच शाबूत, कुलूप शाबूत

प्रिय बाबा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न उघडताच आईच्या हातात द्याल आणि म्हणाल, तुझ्या लेकीचं आलंय, वाच. देऊ नका. हे तुमच्यासाठी आहे. दोन वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही, त्यामुळे खुशालीपासून सुरुवात करायला मलाही अवघड जातंय. तुमचा गुडघा कसा आहे ते आई मला सांगते आणि माझं काय चाललंय ते तुम्हाला सांगते. दुपारी फोनवर ती एकदम मोठ्याने बोलायला लागली, की मी समजते, तुम्ही पेपर तोंडासमोर धरून शेजारच्या खुर्चीत बसला आहात. तेव्हा ते सगळं सोडा. मी लिहितेय ते चोरांबद्दल. उभा जन्म तुम्ही बंद गाड्यांची दारं उघडण्यात घालवलात. चावी आत आणि मालक बाहेर अशी गत झालेली माणसं आपल्या दुकानाच्या पायरीवर घाम पुसत बसलेली मी लहानपणापासून पाहिली आहेत. या विषयातला तुमच्याइतका जाणता माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही.

आमच्या इमारतीत गेले काही महिने गाड्या साफ होतायत. साफ म्हणजे पुसून नव्हे. मालक खाली येतो, गाडी जागच्या जागी, काच शाबूत, कुलूप शाबूत, रंगावर ओरखडा नाही, आणि आतली बॅग, चष्मा, लॅपटॉप, जे असेल ते गायब. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंची तर तपासणीची पेटीच गेली. मला वाटतं, काच फुटली असती तर लोकांना बरं वाटलं असतं. फुटक्या काचेचा चोर बाहेरचा असतो. काहीच फुटलं नाही की माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. जिन्यात भेटल्यावर हसून विचारपूस करणारे शेजारी आता आधी हातातल्या पिशवीकडे बघतात आणि मग तोंडाकडे. मीही तेच करते. संशयी स्वभाव मी कुणाकडून घेतलाय ते तुम्हाला सांगायला नको.

एक पोलीस अधिकारी येऊन सगळ्यांना समजावून गेले. त्यांचं म्हणणं, हल्लीच्या गाड्यांना चावी लावावीच लागत नाही, ती जवळ असली की दार उघडतं. ती चावी दाराच्या मागे खिळ्यावर टांगलेली असली, तर चोर तिचा संदेश यंत्राने लांबवर नेतात आणि गाडीला वाटतं मालकच आला. दुसरी तऱ्हा आणखी साधी. तुम्ही लांबून बटण दाबता आणि पाठ फिरवून चालू लागता, पण जवळ कुणीतरी त्या बटणाचं बोलणं गाडीपर्यंत पोचूच देत नाही. गाडी उघडीच राहते आणि तुम्ही खुशाल घरी जेवत बसता. हे ऐकल्यापासून इमारतीत पत्र्याच्या डब्यांना सोन्याचा भाव आलाय. कुणी बिस्किटांच्या डब्यात चावी ठेवतं, कुणी कढईत घालून वर झाकण ठेवतं. समोरच्या मावशींनी तर चावी फ्रीजमध्ये ठेवली आणि स्वतःच विसरल्या. मला मात्र तुमची आठवण आली. बटणावर विश्वास ठेवायचा नाही, दार हाताने ओढून बघायचं, हे तुम्ही मला चालायला शिकवण्याच्या आधीच शिकवलं असावं. मी अजूनही ओढून बघते.

आता माझ्या गाडीचं ऐका. ती जुनी, चावी फिरवून उघडायची. तिला ना बटण, ना संदेश. मी दातांच्या कवळ्या बनवते ती प्रयोगशाळा घरापासून चालत जाण्याइतकी जवळ, त्यामुळे गाडी आठवडाभर खालीच उभी असते. एका सुट्टीच्या दिवशी दार उघडलं आणि मला जाणवलं, इथे कुणीतरी बसून गेलंय. काय बदललंय ते सांगता येईना. सीट तिथेच, आरसा तिथेच, आतली छत्रीसुद्धा तिथेच. फक्त समोरचा कप्पा, जो खड्डा आला की जबडा उघडल्यासारखा उघडायचा, तो नीट बंद होता. मी दोनदा उघडून लावला. खट्. नव्यासारखा. बाबा, काही चोरीला गेलं असतं तर मी चिडले असते. काहीच गेलं नाही म्हणून मी घाबरले.

कारण माझ्या मनात पहिलं नाव कुणाचं आलं ते तुम्ही ओळखलं असेल. गाडीची दुसरी चावी माझ्या नवऱ्याकडेच आहे. वेगळं होताना तो म्हणाला, हरवली. मी तेव्हाही विश्वास ठेवला नव्हता. लग्नानंतर तो रोज गाडीच्या किलोमीटरचा आकडा बघायचा आणि जास्त दिसले की कुठे गेली होतीस म्हणून जाब विचारायचा, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही विचारलं होतंत, मारत तर नाही ना? मी नाही म्हटलं, आणि तुम्ही म्हणालात, मग परत जा, कुरबुरी कुठल्या घरात होत नाहीत. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. असो. तर मला वाटलं, हा आता माझ्या गाडीत येऊन बसायला लागलाय. मी दाराच्या फटीत कागदाचा कपटा खोचून ठेवायला लागले. कामावर जाताना दुसऱ्या रस्त्याने जायचे. एकदा कवळी घासताना लक्ष उडालं आणि कुण्या आजोबांची एक दाढ वाया गेली. कपटा पुढच्या आठवड्यात सीटखाली सापडला. म्हणजे पुन्हा कुणी येऊन गेलं होतं. या वेळी काच खालीवर करायचा दांडा, जो दोन्ही हातांनी फिरवावा लागायचा, तो लोण्यासारखा फिरत होता.

तेव्हा मी घाबरून आमच्या चिटणिसांकडे गेले. निवृत्त झाल्यापासून ते इमारत म्हणजे किल्ला समजतात, मुलं त्यांना मागून कोतवाल म्हणतात. मी म्हटलं, माझीही गाडी कुणीतरी उघडतंय. त्यांचे डोळेच चमकले. त्यांनी लगेच हिशेब मांडला. माझ्या गाडीला यंत्राची चोरी लागू नाही. म्हणजे हे हाताचं काम. हाताचं काम म्हणजे रोज गाड्यांना हात लावणारा माणूस. आणि तो कोण, तर गाड्या पुसणारा आमचा दादा. बाकीच्या घरांनी आतून पुसायला म्हणून त्याच्याकडे चाव्या दिलेल्या असतातच. झालं. पोलीस अधिकाऱ्यांनी सांगितलेलं सगळं एका क्षणात पुसलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून दादाला फाटकाच्या आत येऊ देत नाहीत. तो येतो, बादली पायाशी ठेवून बाहेर उभा राहतो आणि जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघतो. धूळ बसलेली त्याला बघवत नाही. मी जाताना त्याने मला एवढंच विचारलं की ताई, तुमची चावी तर मी कधी घेतलीच नव्हती ना? मला मान वर करता आली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, आणि दोर माझ्या हातून गेला.

खरं सांगायचं तर दोन दिवस मीही त्याच्यावर संशय घेतला. मग समोरच्या मावशींच्या भाच्यावर घेतला, तो उगाच गाड्यांमधून हिंडतो म्हणून. मग पुन्हा नवऱ्यावर. पण काहीतरी बसत नव्हतं. त्या माणसाने आयुष्यात कधी एक स्क्रू घट्ट केलेला नाही. तो माझ्या गाडीत येऊन कप्प्याची कडी दुरुस्त करेल? आलाच असता तर तो कळवल्याशिवाय राहिला नसता. आपण येऊन गेलो हे समोरच्याला कळलं नाही तर त्याला आल्याची मजाच नसते. आणि दादाने केलं असतं तर अभिमानाने सांगितलं असतं. मग असा कुठला चोर, जो कुलूपबंद गाडीत शिरतो, काही नेत नाही आणि जाताना गाडी होती त्यापेक्षा बरी करून जातो?

गेल्या सुट्टीला मी गाडीत नुसतीच बसून राहिले. चावी लावली, समोरचे दिवे लागले आणि माझी नजर घड्याळावर गेली. बॅटरी बदलल्यापासून ते घड्याळ वाटेल ती वेळ दाखवत होतं, मी तिकडे बघणंच सोडलं होतं. आता ते बरोबर होतं. हातातल्या घड्याळाशी ताडून बघितलं, अगदी बरोबर. बाबा, दुकानावर कितीही गर्दी असो, उघडून दिलेल्या गाडीचं घड्याळ लावल्याशिवाय तुम्ही तिच्यातून उतरत नव्हतात. गिऱ्हाईक घाई करायचं, आई आतून हाका मारायची, तुम्ही म्हणायचात, चुकीची वेळ दाखवणारी गाडी मालकाला थापा मारायला शिकवते. आख्ख्या जगात हे वेड एकाच माणसाला आहे. कप्पा उघडतो हे मी फोनवर आईला सांगितलं होतं. काचेचा दांडा जड झालाय हेही आईलाच. तेव्हा ती मोठ्याने बोलत होती.

मला हसू आलं आणि लगेच इतका राग आला की मी हॉर्न वाजवला. वरून तीन खिडक्या उघडल्या. दोन बस बदलून, तो गुडघा घेऊन, भरदुपारी सगळे झोपलेले असताना यायचं, लेकीच्या गाडीत शिरायचं, बोटभर तेल घालायचं आणि लेकीला न भेटता निघून जायचं. वर चौथ्या मजल्यावर मी राहते हे माहीत असून. मी कामावर असते ती वेळ साधून. तुम्हाला माझी काळजी वाटते हे मला कळलं, बाबा. पण त्या काळजीपायी मी महिनाभर जीव मुठीत धरून जगले. तुम्ही दुपारी गाडी दुरुस्त करत होतात आणि मी रात्री वर दाराला खुर्ची लावून बसत होते. परत जा म्हणालात ते चुकलं, एवढं एक वाक्य बोलायला नको म्हणून तुम्ही माझी आख्खी गाडी नीट करायला निघालात. आणि आई यात सामील आहे की नाही, हाही संशय मला आहेच. तिला विचारलं तर ती ताकास तूर लागू देत नाही.

तुमच्यावर रागावण्यासाठी मी लिहायला बसले नाही. रविवारी सकाळी इमारतीची बैठक आहे. चिटणीस दादाचं नाव पोलिसांत देणार आहेत, आणि त्यांचा सगळा पुरावा म्हणजे माझी गाडी. मी एकटीने उभं राहून सांगितलं की ती माझ्या वडिलांनी उघडली, तर ते म्हणतील, दादाला वाचवायला बाई गोष्ट रचतेय. वडील कुलूप लागलेल्या गाडीत शिरतात आणि लेकीला पत्ता नाही, यावर कोण विश्वास ठेवेल? म्हणून तुम्ही या. तुमची ती हत्यारांची कापडी पिशवी घेऊन या. खाली सगळ्यांसमोर माझी गाडी उघडून दाखवा आणि सांगा की यात दादाचा हात नव्हता, माझा होता. लोक हसतील, दोन शब्द बोलतील, कोतवाल तर तुमची उलटतपासणी घेतील. तुम्हाला मान खाली घालावी लागेल हे मला माहीत आहे, आणि तरी मी बोलावतेय. नाही आलात तर बैठकीत तुमचं नाव मी घेईन, ते कुणी मानो न मानो, कारण तो माणूस बादली घेऊन फाटकाबाहेर उभा आहे. पण आलात, तर बैठकीच्या आधी वर या. चौथा मजला, जिन्याच्या उजव्या हाताला. कुलूप चांगलं आहे, तुम्हाला काही ते अवघड नाही, पण त्याला हात लावू नका. बेल वाजवा. दार मी उघडेन.

तुमचीच,
ठमी