विसाच्या वाट्याची दया

प्रिय सिदराक,

मठात तुला या नावानं आता कुणी हाक मारत नसेल. तिथे तू साधू झालेला अबूना बफ्नूती. पण आईच्या तोंडी ते नाव कधी बसलं नाही आणि माझ्याही हाताला वळत नाही, तेव्हा हे पत्र आपल्या सिदराकलाच. ईस्टरनंतरचे पन्नास दिवस चालू आहेत. उपास नाहीत, गुडघे टेकायचे नाहीत, मेलेल्या माणसालासुद्धा आनंदाच्या चालीवर निरोप द्यायचा. वाळवंटाकडून गरम वारा सुटलाय. दुपारभर सगळं गाव पिवळट धुरळ्यात तरंगत असतं. समोरच्या खजुरी अर्ध्याच दिसतात, नदी तर दिसतच नाही, नुसती ऐकू येते. अशा दुपारी मी अंगणात आईच्या खाटेशी बसून असायचे आणि आपण जागे आहोत की झोपेत, हे दोघींनाही नीट कळायचं नाही.

तिच्या पायांत हिवाळ्यापासून पाणी भरतंय हे तुला कळवलं होतं. पुढचं कळवलं नाही. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी आपले पाद्री अबूना हद्रा तिच्यासाठी चर्चमधून पवित्र भाकर घेऊन घरी आले, तर तिनं तोंड फिरवलं. औषध नको म्हणणाऱ्या पोरीसारखे ओठ घट्ट मिटून घेतले. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "हे खाऊन मी वर जायचं, आणि माझं पोर, माझा विसा, खाली? नको मला. तो असेल तिथे माझी खाट टाका." अबूना तसेच परत गेले. पुढच्या रविवारी आले, त्याच्या पुढच्या रविवारी आले. तिचं आपलं तेच. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फार दिवस नाहीत. ज्या बाईनं साठ वर्षांत एक उपास मोडला नाही, ती उपाशीपोटी देवाच्या दारातून परत फिरणार होती.

तिला एक स्वप्न पडायचं. रोज तेच. सांगताना डोळे मिटलेले आणि आवाज इतका हळू की ती अजून त्या स्वप्नातच आहे असं वाटावं. ती वर पोचलीय. मऊ गवत आहे, डाळिंबाची झाडं आहेत, कुणीतरी पाठीला उशी देतं. पायांची सूज उतरलीय. ती बसते, आणि खालून खोकला ऐकू येतो. दोनदा बारीक, एकदा मोठा. आपल्या विसाचा खोकला, सात वर्षांत विसरले नाही मी तो, ती तर काय विसरणार. ती शेजारच्या संतांना विचारते, "अहो, ऐकू येतंय का तुम्हाला?" ते हसतात. म्हणतात, "येतं हो. होते सवय हळूहळू." तेवढ्यात तिला जाग यायची. माझा हात धरून म्हणायची, "फेरोनिया, मला ती सवय नकोय गं."

अबूना हद्रांना तिनं हे सांगितलं. बिचाऱ्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "सिदराकच्या आई, तिथे देव दुःखाची आठवणच पुसून टाकेल." आई उठून बसायला लागली, मी पाठीमागे हात लावला. "म्हणजे माझं पोर माझ्यातून काढून टाकणार, आणि मग मला सुखी म्हणणार? अबूना, विसाला वजा केल्यावर वर जी कोण म्हातारी बसेल ना, ती मी नव्हे. तिला खुशाल घ्या तुम्ही." अबूनांनी टोपी काढून डोकं खाजवलं. या माणसाला गेली सात वर्षं ती घालूनपाडून बोलत आली होती. विसाला नदीतून काढलं तेव्हा त्यांनी त्याच्यावर मृताची प्रार्थना म्हटली नाही, हे तिनं कधी विसरू दिलं नाही. आपणहून जीव देणाऱ्याला ती मिळत नाही, हा नियम तिला काय ठाऊक नव्हता? होता. तरी ती त्यांना "दगडाच्या दाढीचा" म्हणायची, तेही तोंडावर.

तुलाही सोडलं नाही हो तिनं. तू ईस्टरच्या उपासांआधी लिहिलेलं पत्र मी तिला दोनदा वाचून दाखवलं. देव प्रेम आहे, पण त्यानं माणसाला मोकळं ठेवलंय, विसानं स्वतः पाठ फिरवली, आणि मरणापलीकडे काळच नसल्यामुळे परत वळणंही नाही, असं तू लिहिलं होतंस. अक्षर फार सुरेख होतं. आई म्हणाली, "हे कुणी लिहिलंय? माझ्या अंगावर पिऊन असं बोलता येत नाही." मग डोळे मिटले, मला वाटलं झोपली. तर म्हणाली, "विहिरीत पडलेल्या पोराला कुणी विचारतं का, की बाबा तू घसरलास का उडी मारलीस? आधी दोर टाकतात. आपल्या गावातली माणसंसुद्धा टाकतात, आणि ही माणसं काय फार चांगली आहेत होय?"

तुझ्या पाठीमागे घडलेली एक गंमत तुला ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी सणाला आम्ही कबरस्तानात गेलो. आई पहाटे उठून दया भाजायची, अजूनही त्याला दयाच म्हणतात बरं, त्या गोड पोळ्या. प्रत्येक जण आपापल्या माणसाच्या नावानं खजूर आणि पोळी वाटतो, आणि घेणारा घास मोडताना म्हणतो, "देव त्याच्यावर दया करो." विसाच्या नावाची पोळी कुणी पटकन घेत नाही. त्या दिवशी आईनं टोपली झाकून घेतली आणि थेट दारात उभ्या असलेल्या अबूनांच्या हातात गरम पोळी ठेवली. सकाळपासून तीन प्रार्थना म्हणून भुकेलेला माणूस, त्यानं घास मोडला आणि सवयीनं म्हणून गेला, "देव त्याच्यावर दया करो." आई ओरडलीच, "म्हणालात ना! सगळ्यांनी ऐकलं! ती विसाची होती!" अबूना घास तोंडात धरून उभेच राहिले. आता चिडतील असं वाटलं. पण त्यांनी तो सावकाश चावून गिळला आणि म्हणाले, "आणखी एक दे." आणि दुसऱ्या पोळीवरही तेच म्हणाले, या वेळी जाणूनबुजून. आई त्या दिवशी घरी येईपर्यंत एकटीच हसत होती.

पण घासभर दयेनं तिचं समाधान झालं नाही. तिला अख्खी प्रार्थना हवी होती, धूप घालून, नाव घेऊन. तिसऱ्या रविवारी तिनं अबूनांना पुन्हा विचारलं, "त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं असं धरून म्हणता आली नसती का हो? अशांसाठी म्हणतात ना?" अबूना माझ्याकडे बघून लगेच खाली बघायला लागले. म्हणाले, "तेव्हा मला तसं कुणी सांगितलं नाही."

सिदराक, आता मी लिहिते ते नीट वाच. विसाला आणलं तेव्हा आई नदीवरच बसून होती, तू मठात होतास. अबूना आपल्या दारात आले आणि मला म्हणाले, "पोरी, दोन हिवाळे तो गच्चीवर कबुतरखान्याशी बसून होता, जेवत नव्हता, कुणाशी बोलत नव्हता. त्याचं डोकं ठिकाणावर होतं का? विचार करून सांग." माझ्या हातात सगळं आणून ठेवलं होतं रे त्यांनी. नुसतं नाही म्हणायचं होतं. पण त्याच महिन्यात माझी सोयरीक ठरत होती. वेडाचं घर म्हटलं की तिथली मुलगी कुणी करत नाही, तिच्या पोटी वेडी पोरं येतात म्हणतात. जीव दिला हे लोक चार वर्षांत विसरतात, वेड विसरत नाहीत. मी म्हणाले, "आमच्या घरात वेडं कुणी नाही." अबूनांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणाले. माझं लग्न झालं. मला दोन मुली आहेत, गुणी आहेत. आणि मी शनिवारी चर्चच्या शाळेत लहान मुलांना शिकवते की जो देवाकडे पाठ फिरवतो त्याच्यासाठी आग आहे. सात वर्षं आईच्या शिव्या अबूनांनी खाल्ल्या, माझं नाव एकदाही घेतलं नाही.

मागच्या आठवड्यातल्या बुधवारी, त्या धुरळ्यातच, मी आईचे केस विंचरत होते आणि ते माझ्या तोंडून बाहेर पडलं. सगळं. तिच्या पाठीशी होते म्हणून सांगता आलं. पलीकडे कुणीतरी म्हशीला हाका मारत होतं. मग तिनं हात मागे करून कंगवा मागितला. मी दिला. म्हणाली, "पुढे येऊन बस." लग्नानंतर पहिल्यांदा तिनं माझे केस विंचरले. ओढ बसत होती, मी रडत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिनं माझी वेणी घातली आणि म्हणाली, "एकटा विसा असता तर गेले असते खाली त्याच्याजवळ. आता या पापानं तू पण खाली आलीस. दोघांसाठी खाली बसून काय होणार? ज्याच्याशी भांडायचं तो वर बसतो. जा, हद्राला बोलाव."

विसाचं डोकं ठिकाणावर नव्हतं हे मी त्यांना शेवटी सांगितलं, आणि गुरुवारी अबूनांनी विसाच्या मातीवर पूर्ण प्रार्थना म्हटली. पन्नास दिवसांतली म्हणून आनंदाच्या चालीवर, झांजा वाजवून. आईची खाट चौघांनी उचलून नेली होती. त्यांनी विसाचं नाव तीनदा घेतलं, तिसऱ्यांदा त्यांचा आवाज फाटला. रविवारी तिनं पवित्र भाकर घेतली. घेताना अबूनांच्या हाताचं चुंबन घेतलं आणि म्हणाली, "दाढी काही दगडाची नाही तुमची." मंगळवारी दुपारी ती गेली. तार करायची नाही असं तिचं मला सांगणं होतं. पत्र लिहायचं, माझ्याच अक्षरात, आधी माझं सांगायचं आणि मग तिचं, म्हणजे तुला माझ्यावर रागावायला जागा राहील, तिच्या दुःखात तो राग बुडून जाणार नाही. तेव्हा रागव. मला ते चालेल, फक्त रागावून झाल्यावर लिही. आणि एक काम कर. मी तिला ओळखते, ती तिथे उशीला टेकून बसलेली नसणार. तू देवाशी रोज बोलतोस, तर त्याला सांगून ठेव, की बाई फार हट्टी आहे, लवकर हो म्हण.

तुझीच,
फेरोनिया