अंगठ्याची खळी

३ फेब्रुवारी

ह्यांनी रबरी चेंडू खिडकीतून बाहेर फेकला. व्यायाम शिकवायला येते ती ताई कालच देऊन गेली होती — उजव्या मुठीत धरून रोज दाबायला. "मी काय पाळण्यात आहे?" म्हणाले. फेकला डाव्या हाताने, हे वेगळं लिहायला नको. अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा हात मांडीवर पडून असतो, परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा.

खाली जाऊन चेंडू शोधून आणला.

५ फेब्रुवारी

मुलगा आला होता. दुकानाचा विषय काढलाच. मोबाइलची कव्हरं विकणारा कुणी आहे, त्याला दुकानाची जागा हवीय, महिनाअखेर उत्तर द्यायचंय. "बाबा, कात्रीच चालत नाही, तर शिंप्याचं दुकान ठेवून करायचं काय?" खोटं नव्हतं. पण बापाला असं तोंडावर —

हे शांत. "महिना संपू दे. तोवर कुलपाला हात लावायचा नाही." मग माझ्याकडे वळून, "अगं, चहा दे त्याला. बोलून बोलून दमलाय."

उभा जन्म कोट शिवले ह्यांनी. कात्रीच्या कडीने अंगठ्याला घट्टा पडलेला. नवी नवरी होते तेव्हा हात हातात घेतला, तर तो मला टोचला होता. आज तेल चोळताना पाहिलं, घट्टा मऊ पडलाय. मी उठून स्वयंपाकघरात गेले. डोळे तिथेच पुसले.

८ फेब्रुवारी

लोणी सिस्टर आठवल्या. कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरातल्या. खरं नाव आम्ही कधी विचारलंच नाही. हाताला कायम लोण्याचा वास. शनिवारी वसतिगृहातल्या मुलींना ओळीत उभं करून जॅमची बिस्किटं करायला लावायच्या. अंगठा मैद्यात बुडवायचा, गोळ्याच्या मधोमध दाबायचा, खळीत जॅम भरायचा. "मुलींनो, खळी पाडा, भोक नको!" खळी उथळ राहिली तर जॅम उतू जाऊन जळतो. फार खोल गेली तर बुडातून गळतो. मला कायम भोकं पडायची.

तर आज लोणी-साखर फेटली, मैदा मळला, गोळे वळले आणि ट्रे ह्यांच्यापुढे ठेवला. "उजव्या अंगठ्याने," म्हटलं.

"व्यायामवालीची कल्पना?"

"नाही. मला बिस्किटं खायची आहेत."

ट्रेकडे बघत बसले. मग डाव्या हाताने उजवा हात उचलून पहिल्या गोळ्यावर नेऊन ठेवला. अंगठा टेकला, घसरला. मुंगी बसून उठावी एवढीही खूण नाही. पण शेवटच्या गोळ्यापर्यंत गेले. सदरा घामाने भिजला होता.

जॅम सगळा उतू गेला. जळकी बिस्किटं चहात बुडवून खाल्ली ह्यांनी. "मी पहिल्यांदा कोटाला बाही जोडली, ती उलटी बसली होती. उस्तादांनी दिवसभर तोच कोट मला घालून बसवलं." हे मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं!

१३ फेब्रुवारी

रोज एक ट्रे. मी गोळे कसेही मांडते. हे आधी डाव्या हाताने सगळे सारखे करतात, कोटाच्या बटणांसारखे, एका अंतरावर. मगच अंगठा.

आज हे तोंड धुवायला गेले तेव्हा दोन-तीन खळ्या मी हळूच दाबून खोल केल्या. परत आले, ट्रेवर नजर टाकली. "हा अंगठा माझा नाही. निमुळता आहे." मापाचा डोळा तो, चुकेल कसा?

"ट्रे जळतो हो," मी म्हटलं.

"जळू दे. माझ्या कामावर तुझा टाका नको."

१७ फेब्रुवारी

ताई आली. चेंडू कुठे म्हणून विचारलं. मी बिस्किट पुढे केलं. खाण्याआधी उलटंपालटं करून बघितलं तिने. खळी उथळच, पण खळी! "काकांनी पाडली?" जिना उतरताना मला म्हणाली, "काकू, अंगठा हलायला लागलाय. कात्रीचं मात्र मी काही सांगू शकत नाही." दोन बिस्किटं रुमालात बांधून नेली.

२० फेब्रुवारी

मैदा संपला. सुट्टी. हे रुसलेत.

२३ फेब्रुवारी

मोठी कात्री मागितली. जुन्या चादरीचा तुकडा धरून मी समोर बसले. अंगठा कडीत गेला. पाती मिटली नाहीत. पुन्हा. पुन्हा. मला बघवेना, पण चादर धरून ठेवली.

शेवटी कात्री पुसली, तेल दिलं, कापडात गुंडाळली. मला वाटलं, आता मुलाला फोन लावायला सांगतील. तर म्हणतात, "पीठ फार मऊ असतं तुझं. उद्यापासून गोळे फ्रिजमध्ये ठेवत जा. कडक होऊ देत."

ह्या माणसाबरोबर जन्म काढला, आणि अजून तोंडात बोट घालायची पाळी येते माझ्यावर.

२६ फेब्रुवारी

गार गोळे. कडा तडकतात, खळी पडत नाही. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ट्रे खरवडून माझी नखं गेली. मुलाचा फोन — कव्हरवाला शुक्रवारी येतोय. "आई, तू तरी समजाव." हे ऐकत होते. पुढचा गोळा पुढ्यात ओढला.

२८ फेब्रुवारी

एका बिस्किटाच्या बुडातून जॅम गळला. गोळा दगडासारखा गार होता, तरी भोक. ट्रे तसाच ह्यांच्यापुढे धरला. हे ओशाळले. "चुकून जोर लागला."

मीच मुलाला फोन केला. "कव्हरवाल्याला दुसरं दुकान बघायला सांग."