मागची खोली

नाशिक रोड,
९ एप्रिल २०२५

चि. सौ. रूपालीस,
सप्रेम जय भीम व अ. उ. आ.

फोनवर आपण दोन मिनिटांत भांडतो, आणि तुझ्या सासूबाई शेजारी बसून सगळं ऐकतात. म्हणून महत्त्वाचं ते पत्रानं, हे आपलं ठरलेलं. तर आज महत्त्वाचं आहे. आधी चहा ठेव, मग वाच.

विहाराच्या हॉलमध्ये आता सतरा बायका झाल्या. स्टेशनबाहेर, पुलाखाली, बंद दुकानांच्या ओट्यावर झोपणाऱ्या. आमच्या मंडळानं कॉलनीत वार वाटून दिलेत, मंगळवारच्या भाकऱ्या आपल्या गल्लीच्या. आधार कार्डाला पत्ता लागतो, तो विहाराचा देतो. प्रेसमध्ये बत्तीस वर्षं नोकरी केली, पण अर्ज भरून भरून बोटं दुखायची वेळ आता आली.

आणखी एक नियम केलाय. कुणी आजारी पडली तर तिला हॉलमध्ये ठेवायचं नाही, बरी होईपर्यंत कुणीतरी घरी न्यायची. माझ्याकडे चांगुणा आली. पन्नाशीची आहे, न्यूमोनिया झाला होता. महिना झाला, मागच्या खोलीत असते. आता हिंडती-फिरती झाली आहे आणि मला काही म्हणून करू देत नाही. मेथीचा झुणका असा करते की मी दोन भाकऱ्यांच्या तीन खाते. परवा तिच्या डोक्याला तेल लावून वेणी घालून दिली, तर बाई रडायलाच लागली. कितीतरी वर्षांत कुणी केसांना हात लावला नव्हता म्हणे.

तर मुद्दा असा, की यंदा माहेरपणाला आठ दिवसांऐवजी दोनच दिवस ये. बाहेरच्या खोलीत गादी टाकू. तिची तब्येत अजून कच्ची आहे, तिला कुठे हलवू? तू समजून घेशील.

किशोररावांना जय भीम. राग आला तरी लोभ सोडू नकोस.

तुझी,
प्रतिभाताई


निफाड,
१५ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सविनय जय भीम, वि. वि.

चहा ठेवला होता. उतू गेला.

काल जयंतीची मिरवणूक झाली, सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून नटल्या होत्या, आणि मी तुझं पत्र पदरात खोचून तोंड पाडून चालत होते. किशोर म्हणाले, पोट दुखतंय का. म्हटलं, हो, दुखतंय.

ताई, मी आठ वर्षांची होते आई गेली तेव्हा. तुझं नुकतंच लग्न झालेलं. तू मला बरोबर घेऊन गेलीस, भाऊजींनी ती मागची खोली मला दिली, आणि तिथून मी लग्न होऊन निफाडला आले. बाकीच्या बायकांना माहेर म्हणजे गाव असतं, शेत असतं, भावजय असते. मला एक दहा बाय दहाची खोली आहे. वर्षभर सासूचं ऐकून घेते, द्राक्षबागेची एप्रिलची खरड छाटणी उरकते, आणि मग आठ दिवस त्या कॉटवर लोळते. तेवढंच माझं माहेर. ते तू एका शब्दात दुसरीला देऊन टाकलंस, आणि वर लिहितेस की मी समजून घेईन.

आणि वेणीचं कशाला लिहिलंस? माझी वेणी तू घालायचीस. बारावीच्या परीक्षेच्या दिवशीसुद्धा घातलीस. आता माझे केस पिकायला लागलेत, ते तुला कुठे ठाऊक असणार.

सतरा बायकांना जेवू घाल, शंभर बायकांना घाल, मी अडवत नाही. उलट या आठवड्यात ज्वारीचं पोतं पाठवते आहे. पण हॉल आहे ना एवढा मोठा? बरी झाली की तिनं हॉलमध्ये जावं, हाच नियम आहे ना तुमचा?

मी कोतं मन दाखवतेय, हे मला कळतं. तरी लिहितेय. बाहेरच्या खोलीत पाहुण्या झोपतात, मी नाही.

तुझीच असलेली, अजून तरी,
रूपाली


नाशिक रोड,
२१ एप्रिल २०२५

चि. रूपालीस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा नाही.

बाई गं, अडतीस वर्षांची झालीस, आणि एका आजारी बाईवर जळतेस? आणि जळायचंच असेल तर माझंही ऐक. लग्नानंतर तू पंधरा दिवस यायचीस. मग आठ झाले. गेल्या वर्षी पाचव्या दिवशी सासूबाईंचा गुडघा दुखला आणि तू बॅग भरलीस. परवा बोलताना तू म्हणालीस, आमच्याकडे असं नाही करत. आमच्याकडे म्हणजे निफाडला. तेव्हा मला काय वाटलं, ते मी कधी बोलले? तुझे भाऊजी गेल्यापासून वर्षातले तीनशे सत्तावन्न दिवस या घरात मी एकटी असते. आता सकाळी कुणीतरी विचारतं, ताई, झोप लागली का. मला ते आवडतं. लपवू कशाला?

चांगुणा हॉलमध्ये जाईल, पण घाई करू नकोस. ती फार बोलत नाही. परवा द्राक्षं धुताना एकदम म्हणाली, आमच्या मळ्यातली सोनाका याहून लांब असायची. मळा कुठला विचारलं तर म्हणाली, उगावच्या पुढे, कालव्याला लागून. म्हणजे तुमच्या निफाडच्या बाजूलाच. मल्हारी नावाचा भाऊ आहे, पण त्याचं नाव निघालं की भांडी घासायला बसते, घासलेली असली तरी. मी आता विचारत नाही. तूही कुणाजवळ बोलू नकोस.

ज्वारी मिळाली, चांगली आहे. जळलीस तरी ज्वारी पाठवलीस, म्हणून तुझ्यावर जीव आहे.

तुझी,
ताई


निफाड,
२ मे २०२५

ती. ताईस,
सविनय जय भीम, वि. वि.

बातमी अशी आहे की तुला आनंदच होईल. निदान व्हायला हवा.

चांगुणाबाईंचा भाऊ सापडला. किशोरच्या शाळेतले शिपाई उगावकडचेच, त्यांना सहज विचारलं. कालव्याला लागून, मल्हारी, एवढं सांगताच त्यांनी घर सांगितलं. रविवारी मी स्वतः गेले. चांगलं स्लॅबचं घर आहे, दारात ट्रॅक्टर, पाच एकर बाग. तू म्हणाली होतीस बोलू नकोस, पण ताई, भाऊ दारात पाच एकर घेऊन बसलाय आणि बहीण तुझ्या कॉटवर. हे मला पटेना.

मल्हारीदादांना सांगितलं तर ते खाली बसले आणि डोळे पुसायला लागले. म्हणाले, नवरा वारल्यावर सासरच्यांनी तिला हाकललं, ती लाजेनं आमच्याकडे आलीच नाही, आम्ही किती शोधलं. बायकोनं मला चहा दिला, जाताना पेटी भरून बेदाणा दिला. आठ-दहा दिवसांत साडी घेऊन न्यायला येतो म्हणाले. तुझा पत्ता दिला आहे.

बेघर माणसाला त्याचं घर मिळवून द्यायचं, हेच तर तुमच्या मंडळाचं काम ना? मग ते मी एका रविवारात केलं. आता मनमोकळी शाबासकी दे.

अठराला येते. आठ दिवस. सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखले तरी.

तुझी एकुलती,
रूपाली


नाशिक रोड,
१३ मे २०२५

चि. रूपालीस,
अ. उ. आ.

काल वैशाख पौर्णिमा झाली. विहारात खीर केली, सगळ्यांना पुरली.

मल्हारी आठवड्यापूर्वी येऊन गेला. हिरवी साडी, नारळ, सगळं रीतसर. बहिणीच्या पाया पडला. चांगुणानं माझ्याकडे पाहिलं, फार वेळ पाहिलं. मी तिला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, जायचं नसेल तर स्पष्ट सांग, मी त्याला परत पाठवते. तिनं कॉटवरच्या चादरीची घडी केली, उशी उन्हात ठेवली, आणि गेली. याला मी बोलावलं नाही, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण सख्खा भाऊ दारात उभा असताना तसं म्हणणं बरं दिसलं नसतं.

तुला शाबासकी हवी आहे. कदाचित तुझंच बरोबर असेल. मला सुचायला हवं होतं ते तुला सुचलं, असं मंडळातल्या बायका म्हणाल्या. पण तू मला न विचारता गेलीस, आणि का गेलीस ते आपल्या दोघींना माहीत आहे. त्यावर तू आल्यावर बोलू.

खोली रिकामी आहे. ये.

ताई


निफाड,
२२ मे २०२५

ती. ताईस,
सविनय जय भीम, वि. वि.

अठराला फोनवर फक्त येत नाही एवढंच सांगितलं आणि ठेवला. पुढचं बोलायची छाती झाली नाही. आता सगळं लिहिते.

त्या दिवशी बॅग घेऊन स्टँडवर गेले, नाशिकची गाडी लागत होती. बाकावर एक बाई हिरवी साडी नेसून बसली होती. साडीवर चहाचे, धुळीचे डाग. मी चांगुणाबाईंना कधी पाहिलं नव्हतं, ताई, पण हिरवी साडी तू लिहिली होतीस. नाव विचारलं. त्याच होत्या.

मल्हारीनं तिसऱ्याच दिवशी त्यांना कचेरीत नेलं. सातबाऱ्यावर वडिलांच्या मागं बहिणीचंही नाव लागलेलं होतं, ते निघाल्याशिवाय त्याला जमीन विकता येईना. म्हणून हक्कसोड करून घेतलं, सगळा हिस्सा भावाला. दुसरंच काही सांगून अंगठा घेतला, कागद वाचून दाखवला नाही. इतकी वर्षं त्या भावाला टाळून रस्त्यावर राहिल्या त्या याच अंगठ्यासाठी, आणि मी जाऊन त्याच्या हातात पत्ता दिला. आठवड्याभरात सगळं काम झाल्यावर त्यानं स्टँडवर सोडलं आणि नाशिकचं तिकीट काढून दिलं. त्या गेल्या नाहीत. चार दिवस तिथेच होत्या.

का गेल्या नाहीत म्हणून विचारलं. म्हणाल्या, ताईंनीच भावाला बोलावलं, त्यांना मी जड झाले असेन, आता कोणत्या तोंडानं जाऊ.

त्यांना घरी आणलं. जेवताना दर घासाला ताईंचं हे, ताईंचं ते. आणि खोटं कशाला लिहू, तेव्हाही मी जळले. एवढं माझ्या हातून झाल्यावरसुद्धा जळले. माझी मलाच शिसारी आली. मग सांगून टाकलं, ताईला काही माहीत नव्हतं, भावाला मी बोलावलं, तुम्ही माझ्या खोलीत राहत होता म्हणून बोलावलं. त्यांनी ताट बाजूला केलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मला सांगायचं होतं ना धाकट्या बाई. मी उठले असते.”

ताई, तेव्हापासून मला अन्न जात नाही.

वकिलांना भेटले. फसवून अंगठा घेतला असा दावा लावता येतो म्हणाले, पण भावाला बहिणीचा पत्ता कुणी दिला आणि तो काय बोलून घेऊन गेला, याला साक्षीदार हवा. ती मीच. मल्हारीच्या भावकीतला माणूस किशोरच्या शाळेच्या समितीवर आहे. सासूबाई म्हणतात, कोर्टात उभी राहिलीस तर या घरात पाऊल ठेवू नकोस. किशोर मध्ये पडत नाहीत. मी दोन जूनला प्रतिज्ञापत्रावर सही करणार आहे. का बोलावलं, तेही लिहून देणार आहे.

शनिवारी किशोर चांगुणाबाईंना तुझ्याकडे सोडतील. मी येत नाही. त्यांना मागच्या खोलीतच ठेव. माझं त्या खोलीवर काही नाही.

रागाव, पण टाकू नकोस.

रूपाली


नाशिक रोड,
३० मे २०२५

चि. रूपालीस,
अ. उ. आ.

चांगुणा पोचली. किशोररावांनी तिची पिशवी आत आणून ठेवली, पण ती फाटकाच्या आत यायला तयार होईना. मी हात धरला, विनवलं, शेवटी रागावले. तिचं एकच, ती खोली धाकट्या बाईंची आहे, मी विहारात जाते. पिशवी उचलली आणि हॉलमध्ये भिंतीकडेची जागा धरून बसली.

तुझ्यावर रागावले आहे. अजून बराच काळ रागावलेली असेन, तेव्हा मला समजावत बसू नकोस. पण सहीच्या बाबतीत मागे फिरू नकोस. सासूबाई काय म्हणतात त्याची भीती वाटली तर एवढं लक्षात ठेव, की तुला कुणी घराबाहेर काढू शकत नाही. माझं घर आहे तोवर तू रस्त्यावर येणार नाहीस. ते नशीब हॉलमधल्या सतरा जणींपैकी एकीचंही नाही, हे सहीच्या वेळी आठव.

सही झाली की तिथून थेट इकडे ये. कॉटला नवी चादर घातली आहे. आठ दिवस रहा, महिना रहा. खोली तुझी आहे, बाहेरची खोलीही तुझीच, सगळं घर तुझं आहे. किल्ली शेजारच्या सगुणाबाईंकडे ठेवली आहे.

मी घरी नाही. परवापासून गादी घेऊन हॉलमध्ये तिच्या शेजारी झोपते आहे. कोपरा धरून बसलेल्या माणसाला एकटं सोडवेना. ती परत येईल तेव्हा येईल, मी तिच्याबरोबरच येईन.

एकटीला त्या घरात करमलं नाही, तर विहार पाच मिनिटांवर आहे. मंगळवारच्या भाकऱ्यांना हात कमी पडतात.

तुझ्यावरचा लोभ तसाच आहे, तो वाटून कमी होत नाही,
ताई