टाकाला गेलेली चीर

चिंचवड,
गुरुवार, २२ नोव्हेंबर १९५६

तीर्थरूप गोजाआत्यास शेवंताचा शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रात मी लिहिले होते की आपल्या देव्हाऱ्यातला खंडोबाचा रुप्याचा टाक संग्रहालयात अगदी दिला तसा आहे. ते बरोबर नव्हते. तेव्हा मी तो काचेबाहेरून पाहिला होता. आता वार्षिक तपासणी चालू आहे. प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिची स्थिती लिहायची असते, म्हणून सोमवारी कपाट उघडले.

तुझा खोकला कसा आहे? दादाला पिंपरीच्या कारखान्यात आता सकाळची पाळी मिळाली आहे. जेवण वेळेवर होते.

टाकाचे सांगते. देवाचे नाक-डोळे पुसट झालेत ते तुला ठाऊकच आहे. पण घोड्याच्या पोटाखालून कापूस फिरवला तर त्याचा धागा अडकला. मागून दिवा धरल्यावर उजेडाची बारीक रेघ दिसली. पत्रा चिरला आहे, आणि तारेवर टांगलेला असल्यामुळे चीर वाढते आहे.

आमचे शिपाई मारुतराव दर अमावास्येला तो चिंच-राखेने घासतात, हे तेव्हा कळले. मी घाबरून म्हटले, "अहो, पत्रा झिजतो!"

"बाई, तुमच्या साहेबाला देव मळका चालंल. मला न्हाई चालायचा."

आपल्या घरीही सणासुदीला हेच व्हायचे. हे वाचून तू स्वतःला दोष लावून घेशील. दोष नाही, आत्या. त्या पुसटपणापुढे मी 'पूजेची झीज' असे लिहिले आहे. नुकसान म्हणून फक्त चीर लिहिली.

चिटणीस सोपानराव मायाळू आहेत. म्हणाले, "पोरी, चंपाषष्ठीला तुझी आत्या येते ना दर्शनाला? तोवर स्थिती 'बरी' लिही नि राहू दे टांगलेला." मलाही मोह झाला. घरात पुढे पूजा करणारे कोणी उरले नाही म्हणून तू टाक इथे दिलास. वर्षातून एकदा काचेसमोर उभे राहायचे, एवढेच तुझे मागणे. ती जागा रिकामी पाहून तुला काय वाटेल, हा विचार डोक्यातून जाईना.

पण मला पहिली अक्षरे तू शिकवलीस, शाळेच्या आधी, धान्य निवडता निवडता. सूप पुढे करून "काय दिसलं?" असे विचारायचीस. मी तुझ्या तोंडाकडे बघून "चांगलंय" म्हटले की सूप पुन्हा माझ्यापुढे सरकवायचीस. "माझ्याकडं काय बघतीस? सुपात बघ." आज हे काम मला जमते ते त्यामुळेच. तुझे उपकार समोरासमोर बोलायला मला कधी धीर झाला नाही, म्हणून इथे लिहिते.

सोपानरावांना मी नाही म्हटले. दुरुस्ती होईपर्यंत टाक कापसाच्या पेटीत आडवा राहील, मांडणीत नसेल. चंपाषष्ठीला तुझ्यासाठी पेटी उघडायची परवानगी मात्र त्यांनी आनंदाने दिली. हातात देता येणार नाही, ते आधीच सांगते.

पेटी तयार होईपर्यंत तो तिथेच आहे; त्याच्या जागेवर पाहायचा असेल तर या रविवारी ये. मी एस.टी.च्या थांब्यावर उभी असेन. सोमवारी, २६ तारखेला, दार उघडण्याआधी मी तो माझ्या हाताने उतरवणार आहे.

तू घडवलेली,
शेवंता