माझं नाव कोणाच्या घरी जावं

मी, तुकुम्मेक, दिवंगत माजाक यांची पत्नी, वय बहात्तर, राहणार कानाक, उत्तर ग्रीनलंड, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात उरलंय कोण?

१. घर नगरपालिकेचं आहे, तिने ते परत घ्यावं. फ्रीझरमधलं नार्व्हल देवमाशाचं मांस ज्यांना चावता येतं त्यांनी वाटून खावं.

२. माजाकचा भाला आणि कयाक होडी बिर्गितेला. बिर्गिते ही शेजारच्या अर्नाकची नात. माजाक गेल्यावर गावात जन्मलेलं पहिलं बाळ ती, म्हणून आपल्या रीतीने त्याचं नाव तिला मिळालं, आणि नावाबरोबर तोही तिच्यात आला. मुलगी असली म्हणून काय झालं! दार ढकलून येते नि म्हणते, "काय गं बायको, चहा टाक की!" मी टाकते. पण झोपायला माझा नवरा अर्नाकच्या घरी जातो, हे मला इतकी वर्षं सलतं आहे.

३. बिर्गितेला एक अट. विमान पडलं त्या उपसागरातला वॉलरस तिने मारू नये, तिथल्या किनाऱ्यावरचं लोखंड उचलू नये. वरवर साफ केलं म्हणतात. तळाशी कोण बघून आलंय?

अडुसष्टच्या जानेवारीत अमेरिकनांचं अणुबॉम्बवालं विमान तिथे बर्फावर पडून जळलं. त्यांना कुत्र्यांच्या गाड्या हव्या होत्या, माजाक गेला. अर्नाकच्या नवऱ्याची कुत्री आजारी होती, तो घरी लोळत राहिला. त्यांच्या लष्करी तळावर माजाकच्या अंगावरून किरणं मोजायचं यंत्र फिरवलं तर ते कडकड वाजलं. मी शिवलेली अस्वलाच्या कातड्याची विजार त्यांनी काढून घेतली, आणि माणूस तसाच घरी पाठवला! पुढे त्याची कातडी सोलवटायची. आम्हाला मूल झालं नाही. डॉक्टर म्हणतात, संबंध सिद्ध होत नाही. नसेल. अर्नाकला मात्र त्यानंतर तीन झाली, आणि प्रत्येक बाप्तिस्म्याला मांस कापायला कोण? मी. जळले मी. स्पष्टच लिहिते, जळले.

४. माझी अर्धगोल सुरी अर्नाक लग्नापासून मागते आहे. तिला देऊ नये. माझ्याबरोबर पुरावी.

५. आता मुख्य गोष्ट. बिर्गितेला एप्रिलमध्ये बाळ होणार आहे. माझं नाव त्या बाळाला द्यावं, मुलगा असो वा मुलगी. डॉक्टर मला मार्चपर्यंतचं सांगतात, म्हणजे जमेल. पण अर्नाकचं हृदय कमजोर आहे, आणि ती मध्येच गचकली तर लोक तिचं नाव पुढे करतील. म्हणून तिला निक्षून सांगते: बाई, जन्मभर पुढे पुढे केलंस, आता एकदा मागे राहा. मला माजाकच्या कुशीत झोपायचं आहे. तुझ्याच घरात, तुझ्या डोळ्यांदेखत. तो शिकारीला गेला की माझी दुपटी तू धुवायचीस.

हे मी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग सही केली.

तुकुम्मेक
कानाक, २० फेब्रुवारी २०१४

साक्षीदार:
१. येन्स, चर्चचे शिक्षक
२. अर्नाक. सही करताना म्हणाली, "ये, ये. पण रात्रीची रडलीस तर मीच उठणार, त्याला नाही उठवणार. तो दमलेला असतो."