सहा बाय आठ

४ नोव्हेंबर
सहा बाय आठ! शटर उघडलं आणि हसूच आलं. एवढ्याशा जागेत पिठलं-भाकरीचं पार्सल. फर्निचरवाले राधाकिशनकाका टेप धरून म्हणाले, "ताई, हितं दोन माणसं समोरासमोर आली की एकाला भायेर जावं लागंल."

काकांना काय सांगू — ऊसतोडीला जायचो तेव्हा आमची पाचटाची कोपी एवढीच होती. तिच्यात चौघांचा संसार मावायचा.

५ नोव्हेंबर
आईचा फोन. "दुकान चालू झालं तर ऱ्हाते. न्हाईतर टोळीसंगं जाते, कोयता घासून ठिवलाय." ट्रक बारा तारखेला निघणार. अठ्ठावीस हंगाम झाले तिचे, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. यंदा जाऊ द्यायचं नाही म्हणजे नाही.

फळ्या सगळ्या खांद्याच्या खाली घेतल्या. आई उभ्यानं भाकरी थापत नाही, म्हणून कडप्प्याचा रुंद ओटा — त्यावरच मांडी घालून बसायचं.

७ नोव्हेंबर
काकांशी वाजलं. शेगडी आतल्या बाजूला हवी, आईची पाठ शटरकडे. "गिऱ्हाइकाला पाठ दावता का? भाकरी दिसाय पायजे की!"

नाही ऐकलं. कोपीत आई दाराकडे पाठ करूनच बसायची. मी आत गोधडीत, मधे चूल, जाळात उजळलेला तिचा चेहरा. पहिली भाकरी माझी, पापुद्रा काढून आत तेल-मीठ. किती बरं वाटायचं. आईची जागा तीच.

१० नोव्हेंबर
ओटा झाला. शेगडी बसली. देखणा दिसतोय.

११ नोव्हेंबर
आई आली. ओट्यावर बसली, हात फिरवून बघितला. सगळं हाताशी. मी खूश. मग म्हणाली, "रस्त्याकडं पाठ कावून गं?"

"कोपीत तू अशीच बसायचीस ना."

"कोपीला दार व्हतं का? वारं यायचं, कुत्री यायची. तू आत निजलेली. म्हून मी दारात आडवी बसायची. हितं शटर हाय की."

इतकी वर्षं मी ती ऊब आठवत राहिले. तिची पाठ किती गारठत असेल, हे मनातही आलं नाही. फार लाज वाटली. काकांना फोन केला — ओटा फोडा, शेगडी फिरवायची. म्हणजे दुकान आठवडाभर तरी उघडत नाही. आणि ट्रक उद्या.

१२ नोव्हेंबर
ओटा फुटलेला, जिकडेतिकडे धूळ. ट्रक समोरूनच गेला. आईनं बसल्या जागेवरून हात केला — शेगडी जमिनीवर, पीठ कोपरापर्यंत, तोंड रस्त्याकडे.